स्टुलावरनं उठले न्हाई

आमचा बँड का मोडला ते गिटारवाल्यानं परवा मोबाईलवर सांगितलं. कुठल्यातरी चॅनेलवाल्यानं त्याची मुलाखत घेतली, त्यात हसत हसत म्हणाला, ड्रम वाजवणाऱ्या पोरीचं लग्न ठरलं, मग संपलंच सगळं. पोरीला पाजता पाजता म्या ते बघितलं आन् डोकंच सणाणलं. माजं लग्न ठरलं त्याच्यानंतर वर्सभरानं. आता मीच सांगते. दहावी नापास हाय, लिवताना चुकंल, पर खोटं लिवणार न्हाई.

भोंगवलीकडं गिटारवाल्याच्या वडलांची पोल्ट्री, तिथं आमचे आण्णा कामाला. मीबी जायची. खाद्याची रिकामी पिंपं पालथी घालून बडवायचा मला नाद, ते त्या पोरानं ऐकलं. त्यो पुण्यात शिकून रॉकचं खूळ घेऊन आलेला, संगं भोरचे दोन दोस्त, एक गाणारा, एक जाड तारांची गिटार वाजवणारा. ड्रम कुणालाच येईना. जुना ड्रमसेट टेम्पोत घालून आणला आन् मला म्हणाला, बस.

प्रॅक्टिस शेडमधी. कोंबड्यांची बॅच विकली की शेड धुऊन, चुना मारून रिकामी ठेवत्यात, नवी पिल्लं येस्तवर. तेवढ्यात काय वाजवायचं ते वाजवा. अंगाला शिटंचा वास, पर गाणी आमची सोताची. हिर्डोशीची एसटी येत न्हाई, म्हातारी फाट्यावर बसून ऱ्हाती, असलं एक व्हतं. गाणारा ते असा किंचाळायचा की आण्णा म्हणायचे, बरं झालं कोंबड्या गेल्या, न्हाईतर आंडीच घातली नसती.

मला भ्या फक्त आजोबांचं. आमी बौद्ध. पूर्वी जत्रंला पालखीम्होरं हलगी वाजवायचं काम आमच्या घराकडं. वाजवत चालायचं, आन् देवळाच्या पायरीखाली थांबायचं. आजोबांनी ती हलगी नीरा नदीत सोडून दिली. म्हणाले, आता आपल्या घरातलं कुणी दुसऱ्याम्होरं वाजवत चालणार न्हाई. तेच आजोबा एक दिवस शेडवर आले. मी गार पडले. त्यांनी ड्रमभवती चक्कर मारली.

"हे उभ्यानं वाजवत्यात का बसून?"

"बसून."

"त्या पोरांच्या बरोबरीनं?"

"व्हय. स्टेजवर."

"मग वाजव."

भोरात एका गॅदरिंगला वाजवलं, मग आमच्या गावच्या जत्रंत स्टेज मिळालं. दुपारची वेळ, तारा जोडलेल्या, मी स्टुलावर बसलेली, आन् जत्रा कमिटीची माणसं आली हलगी घेऊन. म्हणाली, पोरी, आधी पालखीम्होरं ही वाजव, तुमच्या घरचा मान हाय, लई वर्सं खंड पडलाय. मान म्हणं. एवढा मोठा मान असता तर सोताच्या पोरांना नसता दिला? गिटारवाला माज्या कानाशी आला.

"दोन मिंटं वाजव गं. काय झिजतंय तुजं? मग स्टेज आपलंच हाय."

 खाली आण्णा पोल्ट्रीच्या मालकाच्या शेजारी उभे.

"मी स्टुलावरनं उठणार न्हाई," मी म्हणाले. तोंडातनं तेवढंच आलं.

कमिटीनं जनरेटर बंद केला. तिघं पोरं खाली उतरली, माज्याकडं न बघता, आन् पालखीमागं गुलाल लावून चालायला लागली. स्टेजवर मी एकटी, उन्हात. दुसऱ्या दिवशी शेडमधी नवी पिल्लं सोडली. ड्रमसेट कुठं गेला ठावं न्हाई. असा मोडला बँड.

आता मी पासलीला, सासरी. पोरगी ताट बडवती आन् माज्या मनात येतं, उद्या हिलाबी कुणी तसला मान द्यायला आलं तर? राग येतो आन् भ्याबी वाटतं, कारण आण्णा अजून त्याच पोल्ट्रीवर. मालकाच्या पोराबद्दल म्या हे लिवलं तर त्यांचं काम जाईल. म्हणून फोन करून सगळं वाचून दाखवलं. मागं पिल्लं चिवचिवत व्हती.

"काम गेलं तर जाऊ दे. शेडी लई हायत तालुक्यात," म्हणाले. "पर तू एक चुकीचं लिवलंयस."

"काय?"

"मी मालकाच्या शेजारी व्हतो ते आधी. तू न्हाई म्हणालीस तवा मी तुज्या पाठीमागनं स्टेजच्या पायऱ्या चढत व्हतो. तुला उठीवलं असतं कुणी तर बघितलं असतं म्या."

ते मला आजवर ठावं नव्हतं. हितं लिवलंय. गिटारवाल्यानं हेबी वाचावं.