सायलेन्सरवरची रेघ

जालिंदर शेलारने सैन्यात एकवीस वर्षं हत्यारं दुरुस्त केली. निवृत्तीनंतर फलटणच्या घरात करमेना, म्हणून तो कतारला आला. समैस्मा गावाच्या पलीकडे वाळवंटात एक खासगी शूटिंग क्लब होता, तिथल्या रायफली त्याच्या ताब्यात होत्या. त्यांच्या नळीला पुढे आवाज दाबणारे सायलेन्सर लावलेले असत. पाहुण्यांनी तीस-चाळीस गोळ्या भराभर झाडल्या की ते असे तापत, की हातमोज्यातूनही चटका बसे. मे महिन्यात तर सावलीत ठेवूनही निवायला अर्धा तास लागे. तोवर जालिंदर ती रायफल कुणाच्या हाती देत नसे.

मॅनेजरला हे चालेना. पाहुणे खोळंबतात, सरळ पाण्यात बुडवा, असं तो म्हणाला. तापलेला धातू एकदम गार केला की जोड उकलतात, हे जालिंदरने दोनदा समजावलं. तिसऱ्या वेळी मॅनेजरने करार संपत आल्याची आठवण करून दिली. दुसऱ्या दिवशी बादली आली. चर्र करून वाफ उठली की पाहुणे हौसेने व्हिडिओ काढत.

तीन आठवडे सुरळीत गेले. मग एका सकाळी तपासणी करताना एका सायलेन्सरच्या जोडावर त्याला केसाएवढी रेघ दिसली. त्याने अंगठ्याने ती पुसली. गेली नाही. काजळी बसली असेल, असं स्वतःला सांगून त्याने रजिस्टरवर सही केली. महाडचा वली शेजारीच टेबलं पुसत होता. पाहुण्यांची सरबराई हे त्याचं काम.

तासाभरात तो सायलेन्सर फुटला. नेम धरणाऱ्या पाहुण्याला खरचटलंही नाही. त्याच्या बाजूला उभा असलेला वली चेहरा धरून खाली बसला.

डावा डोळा वाचला नाही. चौथ्या दिवशी जालिंदर हॉस्पिटलात गेला. म्हणाला, "वली, ती रेघ मी पाहिली होती."

"माहीत आहे," वली म्हणाला. "तुम्ही अंगठा फिरवलात तेव्हा मीही पाहिली."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही बोलला नाहीत. मला वाटलं, तुम्हाला कळतं, म्हणजे काही नसेल."

जालिंदर मॅनेजरकडे जाऊन सगळं खरं सांगून आला. मॅनेजरने ऐकून घेतलं आणि अहवालात कारखान्यातला दोष असं लिहिलं. वलीला घरी पाठवण्यात आलं. जालिंदरचा करार आणखी दोन वर्षांसाठी वाढला. फलटणला बायकोने पेढे वाटले, तिला तो काहीच सांगू शकला नाही.

दर शुक्रवारी तो महाडला फोन लावायचा. वलीची बायको रुकैया उचलायची आणि ते बाहेर गेलेत म्हणायची. एकदा मागून वलीचा खोकला स्पष्ट ऐकू आला. जालिंदरने तब्येतीची काळजी घ्या एवढंच म्हटलं. पुढच्या शुक्रवारी त्याने फोन लावला नाही.