कोंडाबाईच्या बोटाचं माप

"परत एकदा मोजू का, आत्याबाई?" लुंबिनीनं दबक्या आवाजात विचारलं आणि कोंडाबाईचं डोकं सटकलं.

"आता किती बार मोजशील? बोट हाय ते, शेताच्या धुऱ्याची मोजणी न्हाई!"

लुंबिनी तिची सून. मुदखेडला स्टेशनामागच्या वस्तीत, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात दोघी समोरासमोर बसल्या होत्या. मधे एक फूटपट्टी, एक पेन, कागदाच्या कापलेल्या पट्ट्या आणि लुंबिनीचा मोबाईल. अंगठीचं माप घरच्या घरी कसं घ्यावं, हे नांदेडच्या एका मोठ्या दुकानानं मोबाईलवर चित्रांसकट सांगितलं होतं. बारीक पट्टी बोटाभोवती गुंडाळा, जुळेल तिथं खूण करा, पट्टी सरळ करून मोजा. सकाळी बोट आकसलेलं असतं, म्हणून संध्याकाळी मोजा. फार आवळू नका. पेर जाड असेल तर पेरावरही मोजा, कारण अंगठीला तिथूनच आत जायचं असतं. लुंबिनीनं सगळं सांगितल्याप्रमाणं केलं. पण खाली तक्ता होता आणि त्यात 'लेडीज' असा रकाना होता. तो रकाना कोंडाबाईच्या बोटापर्यंत पोचतच नव्हता. अलीकडंच कुठंतरी संपत होता.

आनंदराज, कोंडाबाईचा एकुलता एक मुलगा, भोकरच्या बाजूला शाळेवर मास्तर. तो शेजारी वाकून म्हणाला, "माय, हे बघ, जेंट्सच्या रकान्यात येतंय की बरोबर."

"मंग मी जेंट्स हाव का?"

आनंदराज उठला आणि गाडी पुसायला बाहेर गेला.

अंगठीचं कोंडाबाईच्या मनात आजचं नव्हतं. लग्नात तिला अंगठी मिळाली नव्हती. नवरा सटवाजी रेल्वेच्या गँगमधे होता, रुळांच्या देखभालीवर. "करू की एक दिवस," असं तो म्हणायचा. तो दिवस यायच्या आत काविळीनं गेला. आनंदराज तेव्हा कडेवर होता. सटवाजीच्या जागी कोंडाबाईला नोकरी लागली. पहिल्या दिवशी गँगमधला एकजण तिच्या देखत म्हणाला होता, "ही दुपारपर्यंत बी टिकायची न्हाई." ती निवृत्तीपर्यंत टिकली. उन्हात तापलेल्या रुळाखाली सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घालून तो उचलला, खडी ओढली, घण मारला. एकदा अनामिकेचं पेर सब्बल आणि रुळाच्या मधे सापडलं. ते बरं झालं पण कायमचं जाड होऊन बसलं. बाकीची बोटंही कामानं हळूहळू भरत गेली. त्याचं तिला कधी काही वाटलं नव्हतं. हात म्हणजे कामाचे. ते आरशात बघायचे नसतात.

निवृत्त झाल्यावर तिनं घराला गिलावा करून घेतला, आनंदराजला मोटारसायकल घेऊन दिली, आणि मग एका रात्री जेवताना जाहीर केलं की आता एक अंगठी करायची.

"लुंबिनीला का?" आनंदराजनं विचारलं.

शेजारणीनं विचारलं, "सुनंला का?" धाकट्या बहिणीनं फोनवर विचारलं, "नातसुनंसाठी करून ठेवून राहिलीस का आतापासूनच?" नातू तिसरीत होता. कोंडाबाई प्रत्येकाला एकच उत्तर द्यायची, आणि दर वेळी आवाज थोडा चढायचा. "मला! माझ्या बोटात! कामून, मला बोटं न्हाईत का?"

तिला डिझाईनसुद्धा ठाऊक होतं. विहारात धम्मदिनाला आलेल्या एका बाईच्या हातात तिनं ती अंगठी पाहिली होती. बारीक, वर पिंपळाचं एकच छोटं पान. नांदेडच्या त्या दुकानात तशीच मिळते, हे लुंबिनीनं मोबाईलवर शोधून काढलं. म्हणून ही मोजामोजी.

शेवटी लुंबिनीनं माप दुकानाच्या नंबरवर पाठवलं. उत्तर लगेच आलं. त्यात हसणारा पिवळा चेहरा होता. 'मॅडम, चुकून जेंट्सचं माप पाठवलं का? पुन्हा मोजून पाठवा.'

पुन्हा मोजलं. तेवढंच भरलं. पाठवलं.

'मॅडम, अंगठ्याचं तर नाही ना मोजलं?'

लुंबिनीनं हे वाचून दाखवायला नको होतं. कोंडाबाईनं मोबाईल तिच्या हातून घेतला, कुठं दाबून बोलायचं ते विचारलं, आणि तोंडाजवळ धरून बोलली, "आरं बाबा, मला अंगठा कोणता आन अनामिका कोणती, हे कळतंय. मी कोंडाबाई. माप माझंच हाय. उद्याच्याला मी सोता येऊन राहिले. बोट संगं आणते, मंग बघ." आणि मोबाईल उलटा ठेवला.

दुसऱ्या दिवशी सासू-सून गाडीनं नांदेडला उतरल्या. कोंडाबाईनं ठेवणीतलं पांढरं, निळ्या काठाचं लुगडं नेसलं होतं. दुकान थंडगार होतं. काचेच्या कपाटांत इतके दिवे की डोळे मिटावेत. गळ्यात टाय घातलेल्या पोरानं लुंबिनीपुढं खुर्ची सरकवली. "या मॅडम, काय दाखवू?" छातीवरच्या पाटीवर त्याचं नाव होतं, शिवप्रसाद. कोंडाबाईनं दुसरी खुर्ची स्वतःच ओढून घेतली.

"पिंपळपानाची अंगठी," ती म्हणाली. "माझ्यासाठी."

शिवप्रसादनं मखमलीच्या ताटातून ती अंगठी काढली आणि लुंबिनीच्या हातावर ठेवली. लुंबिनीनं ती सासूपुढं केली. तेव्हा कुठं त्यानं कोंडाबाईच्या हाताकडं पाहिलं. आणि त्याला कालचा निरोप आठवला असावा, कारण तो गालात हसला.

मापाच्या कड्यांचा एक जुडगा असतो, लहानापासून मोठ्यापर्यंत नंबर घातलेला. त्यातलं शेवटचं कडंही कोंडाबाईच्या पेरावर अडलं. तो दुकानाच्या दुसऱ्या टोकाला ओरडला, "अरे, जेंट्सचा जुडगा दे रे इकडं!" दुकानात दोन कुटुंबं बसली होती, त्यांनी मान वळवून पाहिलं. तिकडचा पोरगा जुडगा देताना काहीतरी पुटपुटला आणि दोघंही हसले.

"मावशी, या मापात लेडीज पीस येतच नाही हो," शिवप्रसाद म्हणाला. "जेंट्समधे दाखवतो. वाघाचं तोंड आहे, घोड्याची नाल आहे."

"मला वाघ कशाला? पान पायजे. या मापाचं करून द्या."

"तसं बनत नाही मावशी. नाजूक डिझाईन आहे ते. आणि खरं सांगू का, तुमचं बोट एवढं काही जाड नाही. नुसतं पेर अडतंय. एकदा आत गेली की झालं. आणा हात."

"आरं, न्हाई जायची ती," कोंडाबाई म्हणाली. पण त्यानं मनगट धरलंच होतं. कापसावर साबणाचं पाणी घेऊन बोटाला चोळलं, ताटातली त्यातल्या त्यात मोठी पिंपळपानाची अंगठी घेतली आणि पिळत पिळत रेटली. जुन्या दुखापतीच्या पेरावरून ती गेली तेव्हा कोंडाबाईच्या तोंडून हाय निघाली.

"बघा! बसली की!" शिवप्रसाद खुलला.

बसली. पण मग निघेना. त्यानं ओढली, पिळली, पुन्हा साबण लावला, दुसऱ्या पोराला बोलावून ओढायला लावली. बोट आधी लाल झालं, मग जांभळं होऊ लागलं. कोंडाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या पाण्याचाच तिला संताप आला. सब्बल आणि रुळामधे पेर चेंगरलं तेव्हा ती रडली नव्हती, आणि हे असं पोरासोरांच्या हातून, लोकांदेखत!

शिवप्रसादचा चेहरा आता उतरला होता. तो खाली वाकून हळू म्हणाला, "मावशी, कापावी लागंल. पण कापली की पीस खराब. मग ती तुम्हालाच घ्यावी लागंल बरं का."

कोंडाबाई उठून उभी राहिली.

"काय म्हणलास? जोरात म्हण. समद्यांला ऐकू दे."

"आत्याबाई..." लुंबिनीनं तिचा पदर ओढला.

"सोड! मी घाल म्हणलं व्हतं का तुला? मी माप सांगितलं. फोनवर सांगितलं, परत मोजून सांगितलं, हितं येऊन बोट दाखिवलं. तुला खरं वाटलं न्हाई. कामून? बाईचं बोट एवढंच असतंय म्हणून कुणी शिकिवलं तुला? तुझ्या मायचं बोट बघितलंस का कधी? ती घरात भांडी घासती का न्हाई? तिच्या बोटाला बी तू हसतोस का?"

शिवप्रसाद मान खाली घालून ताटातल्या अंगठ्या नीट करू लागला. आतल्या खोलीतून मालक बाहेर आले, कपाळाला गंध, हातात चष्मा.

"ताई, बसा ना. शांतपणे बोलू."

"शांत कशी बसू? बोट काळं पडून राहिलं माझं! आधी काढा ते, मंग बोला."

मालकांनी कारागिराला बोलावलं. त्यानं अंगठीखाली पातळ पत्रा सरकवला आणि बारीक चाकानं ती कापली. पिंपळाचं पान एका बाजूला कलंडलं. बोटावर खोल वळ उमटला होता, आणि पेराला खरचटलं होतं. मालक म्हणाले की अंगठी घ्यायचा प्रश्नच येत नाही, चूक दुकानाची आहे. मग त्यांनी शिवप्रसादकडं नुसतं पाहिलं.

"माफ करा, मावशी," तो म्हणाला.

"मी तुझी मावशी न्हाई. मी गिऱ्हाईक हाव. आल्यापासून गिऱ्हाईकच हाव, तुला दिसले न्हाई."

"गिऱ्हाईक... माफ करा," तो गोंधळून म्हणाला. एरवी कुणीतरी हसलं असतं. आता कुणी हसलं नाही.

मालकांनी ऑर्डर घ्यायची तयारी दाखवली. हेच डिझाईन, तुमच्याच मापाचं, घरपोच. कोंडाबाईनं पिशवी काखेत मारली. "तुमच्या दुकानात मी माझं बोट आता आणायची न्हाई," असं म्हणून ती बाहेर पडली. दारातल्या रखवालदारानं तिला सलाम केला, आणि आत येताना त्यानं सलाम केल्याचं लुंबिनीला काही आठवत नव्हतं.

परतीच्या गाडीत कोंडाबाई खिडकीबाहेर बघत बसली. मग एकदम वळली.

"तू का ग बोलली न्हाईस? माझा पदर ओढतीस उलटा?"

लुंबिनी ओल्या रुमालानं सासूचं बोट धरून बसली होती. तिनं ते सोडलं नाही. "मला लाज वाटली, आत्याबाई. लोकं बघत व्हती." बोटाभोवती रुमाल नीट करत म्हणाली, "आन मला वाटलं, माझंच मोजायला चुकलं असंल. तीनदा मोजलं मी. तुमचा हात रोज बघते, तरी मला खरं वाटंना. तक्ताच बरोबर वाटला."

हे ऐकल्यावर कोंडाबाईला आणखी राग यायला हवा होता. पण तो कुणावर काढावा हे कळेना. पोरगी खरं बोलली होती. दुकानात एवढ्या जणांत खरं कुणीच बोललं नव्हतं.

"मंग आता वाटतंय का खरं?"

"हाव," लुंबिनी म्हणाली.

मुदखेडात विरूपाक्ष सोनाराचं दुकान म्हणजे एका माणसापुरती खोली. बाप देगलूरकडून आलेला, त्यामुळं विरूपाक्ष अजून अधूनमधून कानडीत पुटपुटतो. कोंडाबाई वळ उतरल्यावर त्याच्याकडं गेली, हात पुढं केला आणि भांडायच्या तयारीत उभी राहिली.

"कोणतं बोट?" त्यानं विचारलं.

"हे."

त्यानं तारेचा तुकडा घेतला. पेरावर एकदा गुंडाळला, बुडाशी एकदा. "पेर मोठं हाय, बूड बारीक. पेराच्या मापानं केली तर खाली ढिली पडून गोल भिंगती. मधलं माप धरतो. घालताना जरा जोर लागंल, पण निघंल."

"बाईची अंगठी हाय," कोंडाबाई धमकावल्यासारखी म्हणाली.

"मंग कुणाची असंल? तुमचंच बोट हाय की."

कोंडाबाईला भांडायला काही उरलं नाही. पण विरूपाक्षनं लवकरच तिची सोय केली. पुढच्या आठवड्यात या म्हणाला, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा पुढच्या आठवड्यात या म्हणाला. मग भट्टी बिघडली, मग मेव्हणीचं लग्न आलं. शेवटी कोंडाबाई रोज सकाळी त्याच्या पायरीवर जाऊन बसू लागली, आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगू लागली की हा माणूस कसा टोलवतो. अंगठी मग लगेच झाली.

पानाचा देठ जरा वाकडा आला होता. "हे काय केलंस? असं असतंय का पिंपळाचं पान?" कोंडाबाईनं त्याला झापलं. "द्या, परत करतो," तो म्हणाला आणि हात पुढं केला. कोंडाबाईनं हात मागं घेतला. अंगठी पेरावरून जोर लावून आत गेली होती आणि बुडाशी निवांत बसली होती. ती आता काढायला तिची तयारी नव्हती.

रविवारी गँगमधल्या जुन्या बायका आल्या. दोघी निवृत्त झालेल्या, दोघी अजून कामावर. चहा होईपर्यंत नांदेडची सगळी हकीकत कोंडाबाईनं उभं राहून, शिवप्रसादच्या आवाजात, मालकाच्या आवाजात सांगितली. मग त्यांच्यातली लक्ष्मीबाई म्हणाली, "दे बरं बघू, कशी दिसती."

साबणाचा हात लावून कोंडाबाईनं अंगठी काढली. लक्ष्मीबाईनं घातली. पेरावर थोडी अडली आणि बसली. तिच्याकडून शेजारी बसलेलीनं घेतली. तिलाही बसली. मग तिसरीला, मग चौथीला. सगळ्यांच्या बोटांत ती पेरावर अडली आणि आत गेली. लुंबिनी कपबश्या घेऊन आली, तर तिच्याही बोटात घालून पाहिली. ती अंगठ्यातसुद्धा ढिली पडली, आणि सगळ्या खदखदून हसल्या.

कोंडाबाई हसली नाही.

"एवढ्या बाया हाव आपण एका घरात," ती म्हणाली, "आन त्यांच्या तक्त्यात एक बी न्हाई! शेतात खुरपून राहिल्या, विटा उचलून राहिल्या, त्यांचं काय? त्यांनी काय समद्यांनी वाघाचं तोंड घालायचं?"

लक्ष्मीबाईनं अंगठी पुन्हा स्वतःच्या बोटात घातली होती. ती हात लांब धरून, मान तिरकी करून पान बघत होती.

"कुठं बसतो म्हणलीस त्यो विरूपाक्ष?"

कोंडाबाईनं चहाचा कप तसाच ठेवला आणि चपला पायात सरकवल्या. "चल, आत्ताच. उद्या म्हणलं की त्यो महिना लावतो. आन काही बाही बोलला तर तू गप राहा, मी हाय." आणि अंगठी लक्ष्मीबाईच्या हातात तशीच ठेवून ती दारातून बाहेर पडली.