विमानाला दिलेली पऱ्हाटी

कापसाची शेवटची वेचणी झाली की वावरात नुसती पऱ्हाटी उरते, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं. ती उपटायची मजुरी आमच्याकडे कुणी देत नाही आणि कुणी मागतही नाही. जी बाई लोखंडी चिमट्यानं ती उपटून वावर मोकळं करून देते, पऱ्हाटी तिची. तिचं जळण होतं, आमचा नांगर चालतो. मी लग्न होऊन नांदुऱ्याजवळच्या या गावात आले, तेव्हापासून आमची पऱ्हाटी मागच्या गल्लीतल्या काकूच नेतात.

यंदा संक्रांत झाल्यावर ग्रामपंचायतीत एक साहेब आले. आमचे हे पहिल्या रांगेत. सभा कसलीही असो, यांची रांग पहिलीच. साहेबांनी सांगितलं, विमानाच्या इंधनानं हवा खराब होते, म्हणून त्यात थोडं थोडं स्वच्छ इंधन मिसळायचं सरकारनं ठरवलंय. सुरुवात परदेशी जाणाऱ्या विमानांपासून. हे इंधन तळणाच्या उरलेल्या तेलापासून होतं, मक्या-उसाच्या अल्कोहोलपासून होतं, आणि पुढेमागे पऱ्हाटीसारख्या काडीकचऱ्यापासूनही करायचं चाललंय. तेव्हा वावराच्या कडेला धुऱ्यावर पेटवू नका, विका.

हे घरी आले तेच हवेत.

"आपल्या पऱ्हाटीवर इमान उडन, समजलं का?"

"तुमी कधी बसले इमानात?" मी भाकरी थापता थापता विचारलं.

"बसलो नाही म्हणून काय झालं? जळण तर आपलं!"

मी हसले. खरं सांगायचं तर मलाही बरं वाटलं होतं. दिल्लीतल्या धोरणात आमच्या वावराची आठवण कुणी ठेवत असेल, असं मला कधी वाटलंच नव्हतं. पण या भरात यांनी काडीकचरा गोळा करणाऱ्या एका खामगावकडच्या माणसाला फोनवर शब्दच देऊन टाकला होता, की आमच्या वावरातली सगळी पऱ्हाटी तुमची. हे मला जेवताना कळलं आणि माझा घास हातातच राहिला.

"आन काकूचं काय?"

"त्यायच्या घरी गॅस हाय ना आता."

गॅस होता. पण काकूंची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, दिवस भरत आले होते. बाळ-बाळंतिणीची अंघोळ म्हणजे सव्वा महिना रोज हंडाभर कढत पाणी, वर दोघांचा शेक. एवढं सिलिंडरवर तापवणं काकूंना झेपणारं नव्हतं. मी तेवढं सांगितलं आणि भांडी जरा जोरात आपटली. माझा राग भांड्यांवर निघतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. यांनी ताट सरकवलं, पण खामगावला परत फोन काही लावला नाही. दिलेला शब्द फिरवायचा म्हणजे यांच्या जिवावर येतं.

काकूंना कुणीच काही सांगितलं नाही. त्या नेहमीसारख्या चिमटा घेऊन वावरात आल्या. मी यांचा आणि काकूंचा चहा घेऊन वावरात गेले तोवर दोन ओळी उपटून झाल्या होत्या. तेवढ्यात खामगावकडचा तो माणूस गाडी घेऊन धुऱ्याशी उभा राहिला.

"मालक, सुरू करू का?"

काकूंचा चिमटा थांबला. "हे काय व्हय, भाऊ?" त्यांनी यांना विचारलं.

हे आपल्या चपलांकडे पाहत होते. मी मनाशी ठरवलं होतं, हे वाकडं काही बोलले तर आज चारचौघांत तोंड उघडायचं. यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

"मी मालक वावराचा," हे म्हणाले. "पऱ्हाटीच्या मालकीण ह्या. त्यायले विचारा."

"मले?" काकू म्हणाल्या.

इतक्या वर्षांच्या संसारात मला यांचा एवढा अभिमान कधी वाटला नव्हता. डोळे भरून आले, म्हणून मी कपबशा आवरायला लागले.

त्या माणसानं सरकार, विमान, हवा असं सगळं परत पहिल्यापासून सांगितलं. काकूंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हंजे आमच्या चुलीतलं जळण इमानात जाईन?"

"हाव."

"चांगलं हाय की."

मग त्या ओळींमधून चालत गेल्या, मध्येच थांबल्या, मुलीचं बाळंतपण मनातल्या मनात मोजलं असावं, आणखी थोड्या पुढे सरकल्या. तिथं चिमट्याच्या टोकानं मातीत आडवी रेघ ओढली.

"इथलोक माही. पोरगी बाळंत होऊन राह्यली. तिकडली न्या तुमी इमानाले. आन पैसे माह्या हाती द्यायचे."

सवयीनं त्या माणसानं यांच्याकडे पाहिलं.

"माह्याकडे काऊन पाहून राह्यले?" हे म्हणाले, आणि काकूंचा पहिला भारा बांधायला वाकले.