हळद उतरेपर्यंत युद्ध तहकूब

ज्या सायंकाळी आमच्या सोसायटीच्या तळघरातील वाहनतळाला ‘बंकर’ म्हणायचे ठरले, त्याच सायंकाळी मी ठाणे सोडायचे ठरवले. सभेत दोन ठराव मांडले गेले. पाकिस्तानला या वेळी कायमचा धडा शिकवावा, हा पहिला. तो टाळ्यांच्या गजरात संमत झाला. बंकर मोकळा करण्यासाठी प्रत्येकाने आपली गाडी बाहेर रस्त्यावर लावावी, हा दुसरा. तो प्रचंड बहुमताने फेटाळण्यात आला. देशासाठी प्राण देण्यास सिद्ध असलेल्या या मंडळींना छपराखालची पार्किंगची जागा मात्र देववेना.

मी आयुष्यभर महाविद्यालयात आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय शिकवला. त्यामुळे शेजारी मला लिफ्टमध्ये अडवून विचारत, “मॅडम, लागणार ना?” त्या ‘ना’मध्ये भीती नव्हती, सुट्टीच्या दिवशी सामना रद्द तर होणार नाही ना, अशी काळजी होती. घरी दूरचित्रवाणी लावावी तर एक निवेदक वातानुकूलित स्टुडिओत शिरस्त्राण घालून बसलेला. मी दोन दिवस, दोन जोड कपडे आणि एक जाड पुस्तक एवढाच विचार करून गाडी काढली. वैशाखरे येथे, माळशेजच्या पायथ्याशी, रामदास नावाचे गृहस्थ आपल्या घराच्या दोन खोल्या पर्यटकांना देतात. माणशी बाराशे रुपये, दोन्ही वेळचे जेवण त्यातच.

मुरबाडमार्गे सरळ जाता येते आणि तोच मार्ग शहाण्याने घ्यावा. मी शहापूरमार्गे गेले, कारण मला सापगावच्या पुलावरून भातसा पाहायची होती. नाशिक महामार्गाच्या रुंदीकरणाने पडघ्यापर्यंतचा प्रवास म्हणजे वळणरस्त्यांची मालिका झाली आहे. फलक लावणाऱ्याने ते वळण संपल्यावर लावले आहेत, हे विशेष. शहापूर सोडताच मात्र रस्ता सुधारतो. मे महिन्यातली भातसा हाडकुळी दिसते, तरी तिच्या काठची झाडे पाहण्यासारखी असतात. सापगावात मिसळ खाल्ली. रस्सा पाणचट, पाव कालचा, चहा मात्र निर्दोष. शेजारच्या बाकावर दोन शेतकरी बसले होते.

“लढाई लागली त डिझेल भेटंल का रे?” एकाने विचारले.

“लढाईचा जाऊ दे. तुजा राब भाजून झाला का?” दुसरा म्हणाला.

भाताची रोपे टाकण्यापूर्वी जमीन पालापाचोळ्याने भाजतात, तो राब. पहिल्याचा राब भाजून झालेला नव्हता. तो चहा टाकून उठला आणि आठवड्यातली सर्वांत अर्थपूर्ण राजकीय चर्चा तिथे संपली.

पुढे शेणवा, किन्हवली, सरळगाव असा रस्ता. शेणव्याजवळ एका ठाकर बाईकडून पानांच्या द्रोणात करवंदे घ्या. ती गाडीत खाऊ नका, आसनांवर डाग पडतात. सरळगावला माळशेजचा मोठा रस्ता लागतो. टोकावडे मागे पडले की समोर सह्याद्रीची भिंत उभी राहते आणि मोबाइलचे जाळे अंतर्धान पावते. हा मी या प्रवासाचा सर्वोच्च लाभ मानत होते. वैशाखऱ्यात ते केवळ रामदास यांच्या ओटीवर, त्यातही खांबाजवळच्या कोपऱ्यात, नीट मिळते. पुढच्या सगळ्या प्रसंगाची सुरुवात त्या कोपऱ्यात झाली.

घरी मांडव होता. रामदास ओशाळून म्हणाले, “मॅडम, फोनवर सांगायचा ऱ्हायला. पुतण्याची हळद हाय आज. उद्या संध्याकाळी लगीन, शेणव्याला. तुमाला तरास नाय व्हनार.” ज्या घरात हळद आहे तिथे शांत वाचनासाठी जाणाऱ्या माणसाच्या नियोजनाबद्दल वाचकांनी मनात येईल ते म्हणावे. मी पुस्तक पिशवीतच ठेवले.

नवरदेव भरत सैन्यात होता, रजेवर आलेला. दुपारी पाटावर बसवून बायकांनी त्याला इतकी हळद फासली की माणूस आणि मूर्ती यांतले अंतर उरले नाही. हातात सुरी, सुरीच्या टोकाला लिंबू. हळद लागलेल्या नवऱ्याने वऱ्हाड निघेपर्यंत गावाची शीव ओलांडायची नाही आणि सुरी खाली ठेवायची नाही, असा इथला दंडक. या साऱ्यावर काळूबाई या धवलारणीचा अंमल होता. धवलारीण म्हणजे लग्नाचा प्रत्येक विधी धवळे गाऊन लावणारी बाई. इथल्या जुन्या घरांत तिच्या गाण्यावाचून लग्न लागले असे मानत नाहीत. भरतचे दोन्ही हात गुंतलेले, म्हणून त्याचा फोन त्याच्या आईच्या, पार्वतीबाईंच्या, कमरेला खोचलेला होता.

तो वाजला. त्या खांबाजवळ आल्या. मी तिथेच चहा घेत होते, त्यामुळे पुढील संभाषणाची मी प्रत्यक्ष साक्षीदार आहे.

“हां साब, भरत का आई. नाय, वो नाय बोल सकता. उसको हलदी लगा है.” पलीकडून काही तरी जोराने सांगितले गेले. “सुट्टी कॅन्सल? कैसा कॅन्सल? हलदी लगा है ना! हलदी लगा तो शीव के बाहेर नाय जाता. हमारे में नाय चलता.” पुन्हा पलीकडचा आवाज. पार्वतीबाईंनी पदर सावरला आणि समजुतीच्या सुरात म्हणाल्या, “साब, ऐसा करो. तुमारा लडाई चार दिन थांबाव. हलदी उतरा की मैं भेजती. आई का जबान है.” आणि फोन बंद केला.

मी कप खाली ठेवला. आजवर मी युद्धे थांबवण्याचे करार शिकवले, त्यांची कलमे पाठ केली. एवढे नि:संदिग्ध कलम माझ्या वाचनात आले नव्हते.

“कुणाचा फोन?” मांडवातून भरत ओरडला.

“कंपनीवाल्यांचा! रिचार्ज सांगतात!” आई म्हणाली. मग माझ्याकडे वळून हळूच, “बाई, तुमी पाव्हण्या. पाव्हण्यासारक्या ऱ्हावा.”

मी तशी राहिले नाही. बोलावणे आलेला जवान हजर झाला नाही तर त्याचे काय होते, हे मला ठाऊक होते, त्यांना नव्हते. मी रामदासना बाजूला घेऊन सांगितले. त्यांनी भरतला सांगितले. त्याने सुरी डाव्या हातात घेतली, पिवळ्या बोटांनी फोन लावला आणि ताठ उभा राहून बराच वेळ “जी सर, जी सर” म्हणत राहिला. पलीकडच्या साहेबाने मधल्या वेळात कुणा मराठी हवालदाराकडून हळदीचा अर्थ समजावून घेतला होता. निघायचे होतेच, पण उद्या सायंकाळची कल्याणची गाडी पकडली तरी चालणार होते.

म्हणजे लग्न सकाळी लावायला हवे. पार्वतीबाई माझ्याकडे पाहत नव्हत्या.

अडचण वेगळीच निघाली. रामदासनी शेणव्याला फोन केला, तेव्हा मुलीचे वडील दशरथ म्हणाले की अशा वेळी घाई नको. सगळे शांत होऊ दे, तुळशीच्या लग्नानंतर पाहू. हे फोनवर मिटणारे नव्हते. घरची जीप मंडपवाल्याचे सामान आणायला मुरबाडला गेलेली. मी स्वत:हून माझ्या गाडीची किल्ली पुढे केली. पार्वतीबाई मागच्या आसनावर बसल्या आणि सरळगावापर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “गाडी चांगली हाय. कर्वंदाचा डाग पडलाय.”

शेणव्यातही मांडव होता, तिथेही हळद झालेली. दशरथ अंगणात उभेच होते. व्याह्यांना त्यांनी पाणी दिले, बसा म्हणाले, पण स्वत: बसले नाहीत.

“रामदासशेट, माजा राग नाय,” ते म्हणाले. “पण तुमी भरतच्या बापाच्या जागी हाव. लढाईवर चालल्याला पोरगी देऊ? आज कुंकू, उद्या काय?”

“मंग लढाई नसतानी तो काय घरी बसून असतो काय?” रामदास म्हणाले. “नोकरी बघूनशानीच दिलीव ना पोरगी? पेन्शन इचारलीव, क्वार्टर इचारलीव!”

“तेव्हा टीव्हीवर भोंगा नव्हता वाजत!”

हे वाक्य मला लिहून ठेवावेसे वाटले. आमच्या सोसायटीत याच भोंग्याच्या पार्श्वभूमीवर माणसे चकल्या खात होती. इथे त्याच्यामुळे एका बापाच्या तोंडचे पाणी पळाले होते. त्याला भ्याड म्हणणारे, मला ठामपणे वाटते, आपल्या मुलींची स्थळे परदेशात पाहतात.

आता पार्वतीबाई पुढे झाल्या आणि म्हणाल्या, “व्याही, मला पण नाय धाडायचा त्याला. मी साहेबाला नाय बोल्ली. पण या बाईंनी घोळ घातला.” सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. माझ्या नावे आजवर जी विशेषणे जमा आहेत, त्यांत ‘घोळ घालणारी’ हे नव्याने दाखल झाले.

तेवढ्यात घराच्या दारातून नवरी बोलली. निकिता, अंगभर पिवळी, किन्हवलीच्या एका दुकानात संगणकावर काम करणारी मुलगी.

“बाबा, हळद कुणाच्या नावाची लावलीव मला?”

“गो, तू आत जा.”

“जातंय. पण सांगा. ही भरतची उष्टी हळद हाय. दुपारीच त्यांच्याकडून आली, तुमीच वाजत घेतलीव. आता तुळशीपर्यंत अशीच बसू? का नळाखाली धुऊ?”

नवऱ्याला लावून उरलेली हळद नवरीला लावतात. ती एकदा लागली की ज्याच्या नावाची, त्याच्याचबरोबर उतरवायची. दशरथ पहिल्यांदाच खाली बसले आणि रामदासना म्हणाले, “सकाळी किती माणसं आणताव? भात त्या हिशोबानं टाकतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी शेणव्यात लग्न लागले. मुहूर्त अलीकडे ओढता येतो, धवळे ओढता येत नाहीत, हे तिथे कळले. “काळूमावशी, जरा आवरतं घे,” रामदास काकुळतीने म्हणत होते. “बामण सोडंल पोथीचा पान,” काळूबाई उत्तरल्या, “मी नाय. तोडलेल्या धवल्याचं लगीन लंगडं ऱ्हातं.” तीन दिवसांत भेटलेल्यांपैकी संपूर्ण संहितेचा आग्रह धरणारी ही एकच व्यक्ती, मी मनोमन तिला उत्थापन दिले. भरत घड्याळाकडे पाहत नव्हता. बाकी सर्व पाहत होते.

जेवण (भात, वालाचे बिरडे, जिलेबी) अर्धवट टाकून तो जीपमध्ये चढला. गणवेशाच्या बाहीतून पिवळी मनगटे दिसत होती आणि उजव्या मनगटाला हळकुंडाचे कंकण. हे कंकण हळद उतरवताना नवरा-नवरीने एकमेकांचे सोडायचे असते. त्याला वेळ नव्हता. त्याने सुरी निकिताच्या हातात दिली. “सांभाळ,” एवढेच म्हणाला. आईने त्याच्या तोंडावरून हात फिरवून बोटे मोडली. कल्याणची लोकल गाठायला जीप आसनगावच्या दिशेने निघून गेली.

नवरदेवाविना नवरी घरात कशी घ्यायची, असा प्रश्न वैशाखऱ्याच्या उंबऱ्यावर उभा राहिला. काळूबाईंनी क्षणभरही न दवडता निकाल दिला, “सुरी हाय ना? मंग नवरा हाय.” आणि निकिता लिंबाच्या सुरीशेजारी माप ओलांडून आत आली.

चहा होत होता, तोच खांबाजवळच्या कोपऱ्यात उभा असलेला एक पाहुणा ओरडला, “लढाई थांबली! मोबाइलवर आलाय! दोघांनी पन थांबवली!”

पार्वतीबाई चुलीपुढून उठल्या, हात पुसत ओटीवर आल्या. त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य अजिबात नव्हते.

“मी बोल्ली व्हती ना साहेबाला, थांबाव म्हणून,” त्या म्हणाल्या. “थांबवलीन.”

कुणी हसले नाही. मीही नाही. तिसऱ्या दिवशी मुरबाडमार्गे (हा रस्ता उत्तम, म्हशींकडे लक्ष असू द्या) घरी परतले, तेव्हा दूरचित्रवाणीवर युद्ध कुणी थांबवले यावरून नवे युद्ध जुंपले होते. दोन्ही देशांनी आपापला विजय घोषित केला होता. एका दूरच्या महासत्तेने सारे श्रेय स्वत:कडे घेतले होते. शिरस्त्राणवाल्या निवेदकाचा चेहरा मात्र ताटावरून उठवल्यासारखा झाला होता. या सर्व दावेदारांपैकी आपला फोन साक्षीदारासमोर घेणाऱ्या फक्त पार्वतीबाई होत्या, हे मी अभ्यासक म्हणून नमूद करते. सोसायटीच्या बंकरमध्ये गाड्या जागच्या जागी होत्या. सचिव म्हणाले, “थोडक्यात हुकलं हो, मॅडम.”

वाचक विचारतील, जावे का? अवश्य जावे. खोली स्वच्छ आहे, बिरडे अप्रतिम आहे, उशा मात्र स्वत:च्या न्याव्यात. आणि मोठमोठ्याने युद्धाची मागणी करण्याची सवय असेल, तर सरळगावच्या पुढे तोंड बंद ठेवावे.

परवा पुन्हा सीमेवरून बातम्या येऊ लागल्या. शिरस्त्राण कपाटातून बाहेर निघाले, लिफ्टमध्ये पुन्हा “लागणार ना?” सुरू झाले. मी रामदास यांच्याकडे फोन केला. उचलला पार्वतीबाईंनी. भरत अजून आलेला नाही. रजा मिळणार मिळणार म्हणतात. निकिता रोज किन्हवलीला कामाला जाते, कंकण हातात ठेवूनच. हळकुंड वाळून झिजले, तेव्हा काळूबाईंनी त्याला दुसरा दोरा बांधून दिला, गाठ मात्र सोडू दिली नाही.

“बाई, तुमी शिकवता यातलाच ना?” पार्वतीबाईंनी विचारले. “खरा सांगा. लागंल का परत?”

मी त्यांना खरे तेच सांगितले: थांबलेले आहे, मिटलेले नाही. लागू शकते.

कोपऱ्यातला आवाज मधूनमधून तुटत होता.

“बरा,” त्या म्हणाल्या. “लागायला आली का मला आधी कळवा. त्या साहेबाचा नंबर मी ठेवलाय.”