आधी कोरी चाचणी

तुम्ही नातवंडं तिकडे परदेशी गेल्याच्या दुसऱ्या वर्षी आपलं रविवारचं वाचन बंद पडायच्या बेताला आलं होतं. मी नवीन पनवेलला संध्याकाळी संगणकापुढे बसून गोष्ट वाचायची, तुम्ही तिकडे सकाळी अंथरुणात ऐकायचात, आणि दर दोन वाक्यांनी व्हिडिओ कॉलवर माझा चेहरा थिजायचा. शेवटी तुमच्यातली धाकटी म्हणाली, "आजी, तू लिहूनच पाठव ना." ते मला लागलं.

इंटरनेटवाला दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा त्याने वेग मोजणारी वेबसाइट उघडली, आकडा झकास आला. "लाईन चांगली हाय, आजी. तुमचं ते लिनक्स काढून टाका."

तुमच्या बाबाने माझ्या संगणकावर विंडोजऐवजी बसवलेलं लिनक्स मी काढणार नव्हते.

तळोज्याच्या कारखान्यात माझी सगळी नोकरी प्रयोगशाळेत गेली. नमुन्याआधी आम्ही नुसत्या पाण्याची कोरी चाचणी करायचो. आपलीच भांडी स्वच्छ नसली तर दुसऱ्याला दोष कसा देणार? साधनंही मी त्याच हिशेबाने निवडली. वेबसाइट बाद, ती क्षणभराचा वेग सांगते, वाटेत होणारी गळती नाही. पिंग नावाच्या आज्ञेने एवढं कळलं की माहितीची छोटी पाकिटं वाटेत हरवताहेत, पण कुठे ते कळेना. म्हणून आधी आयपर्फ, म्हणजे घरातल्या जोडणीची कोरी चाचणी. ते आजोबांच्या लॅपटॉपवर आणि माझ्या संगणकावर लावून घरातल्या घरात पाकिटं पाठवली. एकही हरवलं नाही.

"म्हणजे आम्ही निर्दोष सुटलो," आजोबा म्हणाले.

मग एमटीआर. ते वाटेतल्या प्रत्येक थांब्यावरची गळती दाखवतं. पहिला थांबा आपला राउटर, तिथे शून्य. दुसरा इंटरनेटवाल्याचा, आणि तिथून थेट शेवटपर्यंत शंभरातली वीसेक पाकिटं गायब. तीन दिवस सकाळ-दुपार-संध्याकाळ मी प्रिंट काढून ठेवल्या.

तिसऱ्या खेपेला तो आला तेव्हा कागद त्याच्यापुढे ठेवले. त्याने ते दोनदा वाचले.

"गच्चीवरच्या आमच्या पेटीतच गडबड दिसते. आजी, हे तुमाला शिकवलं कोणी?"

"आधी गच्चीवर जाऊन या."

खाली आला तो गंजून हिरवी पडलेली तार हातात घेऊनच. मान खाली घालून म्हणाला, बदलली.

त्या रविवारी गोष्ट एकदाही न अडखळता संपली. धाकटीने दुसरी मागितली, मग तिसरी. चौथीला माझा घसा बसला, तेव्हा ती आजोबांनी वाचली.