मर्ल ट्रेगेन्झाकडची गोवराची पार्टी

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या मूंटा गावात मर्ल ट्रेगेन्झाची ओळख एवढीच होती, की चर्चच्या जत्रेसाठी ती दरवर्षी मांस-बटाटा भरलेल्या दोनशे पास्ट्या भाजायची. ही ओळख १९५७च्या मार्चपर्यंत टिकली.

त्या महिन्यात तिच्या आठ वर्षांच्या ग्लेनिसला जर्मन गोवर आला. पुरळ, थोडा ताप, कानामागे गाठी. मर्लने लगेच गल्लीत निरोप पाठवले: शनिवारी मुलींना घेऊन या. तेव्हा असंच करत. गरोदरपणात हा गोवर झाला तर बाळाचे डोळे, कान, हृदय बिघडतं, हे डॉक्टरांनी सांगून पंधरा वर्षं झाली होती. लस नव्हती. मुलींना तो लहानपणीच होऊन गेलेला बरा.

सात मुली आल्या. रासबेरी सरबताचा एकच पेला सगळ्यांत फिरला.

"ग्लेनिसचे पापे घ्या गं, दोन्ही गालांचे," मर्ल म्हणाली. "पुढे पोरं झाली की माझी आठवण काढाल."

"आमची डॉरीन नुसती पास्ट्या हाणतेय," शेजारची कोरल पेनहेल म्हणाली. "हिला गोवर कसला होतोय, अपचन होईल."

"तुला होऊन गेलाय ना गं?" मर्लने तिला विचारलं.

"पाच वर्षांची असताना. आईने पंधरा दिवस अंधाऱ्या खोलीत ठेवलं होतं."

अंधाऱ्या खोलीत ठेवत ते साध्या गोवरासाठी. तो झाल्याने हा जर्मन गोवर टळत नाही. त्या स्वयंपाकघरात हे कुणाच्या लक्षात आलं नाही. कोरलला तेव्हा दिवस गेले होते, सहावा आठवडा होता. तिसरा महिना सरेपर्यंत सांगायचं नाही, म्हणून तिने सांगितलं नव्हतं.

डॉरीनला काहीच झालं नाही. अडीच आठवड्यांनी पुरळ कोरलच्या अंगावर उठलं.

नोव्हेंबरात मुलगा झाला, डेन्झिल. वजन पावणेपाच पौंड, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. "कानांचं आत्ताच सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाले. "सहा महिन्यांनी घरीच मागून आवाज करून बघा."

ते सहा महिने मर्ल रोज सकाळी जाऊन लंगोट धुवायची. कोरलने तिला ये म्हटलं नाही, येऊ नको म्हटलं नाही. बोलणं व्हायचं ते साबणाचं आणि उन्हाचं.

मे महिन्यात एका मंगळवारी कोरल म्हणाली, "तुझा पास्ट्यांचा ट्रे आण. मोठा."

"तुझ्या नवऱ्याला करू दे ना."

"तो मुद्दाम हळू वाजवेल. तू वाजव."

कोरल बाळाला मांडीवर घेऊन खिडकीकडे तोंड करून बसली. मर्लने मागे उभं राहून ट्रेवर लाटणं मारलं. अंगणातला कुत्रा भुंकला. डेन्झिल मूठ चोखत राहिला.

"परत."

मर्लने परत मारलं.

"जोरात, मर्ल."

तिसऱ्या वेळी ट्रेला पोचा पडला. बाळाचे डोळे मिटत आले होते.

कोरलने त्याला खांद्यावर घेतलं. "चहा टाक," ती म्हणाली.

मर्लने शिट्टीची किटली चुलीवर ठेवली. शिट्टी वाजू लागली, तशी बाळ उठेल म्हणून तिने ती झटकन उतरवली.

"राहू दे," कोरल म्हणाली. "वाजू दे."