लुगड्याचं दुसरं टोक

समोरच्या माणसाच्या खांद्यावरचं कापड काका दोन बोटांच्या चिमटीत उचलायचे, सोडायचे आणि ते कसं खाली पडतं ते मान वाकडी करून बघायचे. मग म्हणायचे, "अजून बसलं नाय." झालं! फोटोसाठी नटूनथटून आलेल्या माणसाला आता अर्धा-पाऊण तास कामाला जुंपलं जाणार. कुणी विहिरीवरून कळशी आणायची, कुणी भाजी चिरायची, कुणी अंगण झाडायचं. कपडा कालच शिवलेला असो नाहीतर आजीच्या पेटीतला, तो घालून माणसाला घाम आल्याशिवाय कॅमेऱ्याचं झाकण निघत नसे. "नुस्ता घातलेला कपडा लगेच कळतो गो," ते मला सांगायचे. मी मान डोलवायचे आणि हळूच घड्याळ बघायचे.

बोईसरच्या एका रंगाच्या कारखान्यात ते स्टोअर सांभाळायचे आणि मी लॅबमध्ये होते. माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे, म्हणून सगळे त्यांना काका म्हणायचे, मीही म्हणायचे. त्यांच्या स्टोअरमध्ये प्रत्येक खणाला चिठ्ठी, चिठ्ठीवर सुवाच्य अक्षर आणि आत नटबोल्ट शाळेतल्या मुलांसारखे रांगेत. एखादा वॉशर तिरका पडला तरी त्यांच्या कपाळाला आठी पडायची. रविवारी मात्र हाच माणूस गळ्यात कॅमेरा अडकवून, कुणाचं लुगडं, कुणाचा फेटा, कुणाचं लग्नातलं जाकीट शोधत किनाऱ्याच्या गावांतून फिरायचा. बायकांचे फोटो काढायचे तर बरोबर एक बाईमाणूस हवं, या एका कारणापायी माझे कितीतरी रविवार गेले. तक्रार करत नाही. करायची तेवढी तेव्हाच करून झाली आहे.

कॅमेरा जुना, दुसऱ्याने वापरून सोडलेला. लेन्स एकच, पन्नास एमएमची. स्टँडच्या एका पायाला सायकलची ट्यूब गुंडाळलेली. कारखान्यातले तरुण इंजिनिअर हातभर लांब लेन्स आणायचे आणि तिच्यातून जास्वंदीचे फोटो काढायचे. काका ती लेन्स हातात घेऊन मनापासून कौतुक करायचे. "झकास हाय," म्हणायचे, "पन मग मानसाच्या जवळ कोन जानार?" त्यांची लेन्स पुढेमागे होत नसे, म्हणून ते स्वतःच व्हायचे. फार जवळ गेलं की नाक मोठं येतं, फार लांब राहिलं की माणूस परका वाटतो. मधली जागा ते पावलांनी शोधायचे, अर्धं पाऊल पुढे, पाव पाऊल मागे. चेहऱ्यावर उजेड परतवायला टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल धरून मी बाजूला उभी. "खाली घे. आनखी खाली. हां, हनुवटीखालचा काळोख गेला बघ." माझे हात भरून यायचे, पण काळोख खरंच गेलेला असायचा.

त्यांना प्रकाश हवा असायचा तो तिन्हीसांजेच्या बराच आधीचा, उघड्या दारातून आडवा आत येणारा. हिवाळ्यात आमच्याकडे त्या वेळी हवेत एक पांढुरकं काहीतरी तरंगत असतं, थोडं खाडीचं, थोडं कारखान्यांच्या धुराड्यांचं. तुम्ही या बाजूला आला असाल तर पाहिलं असेल. त्या उजेडात माडांच्या कडा पुसट होतात, माणसं हळू बोलायला लागतात. काका कॅमेऱ्यामागे इतके गप्प होत की समोरचा माणूस आपला फोटो निघतोय हेच विसरून जाई. मीही विसरायचे. कितीदा तरी मला वाटलं आहे, की ही दुपार आता अशीच राहील आणि सोमवार येणारच नाही.

आमच्याच कारखान्यातला एक बिहारी ऑपरेटर बोईसरला भाड्याच्या खोलीत राहायचा. वडिलांची लग्नातली शेरवानी त्याने गावाहून आणली होती; ती घालून फोटो काढायचा आणि आईला पाठवायचा होता. "अंकल, कितना टाइम लगेगा?" त्याने आल्याआल्या विचारलं. काकांनी खांद्यावर चिमटी घेतली, सोडली, आणि त्याला खिचडी टाकायला सांगितलं. तो आधी हसला, मग रागावला, मग स्टोव्ह पेटवला. कांदा परतता परतता त्याने बाह्या सारल्या, गुणगुणायला लागला, आणि आम्ही तिथे आहोत हे त्याच्या ध्यानातून गेलं. त्या फोटोत शेरवानीच्या बाहीला हळद लागलेली आहे. पुढच्या आठवड्यात तो शिफ्टच्या बसच्या रांगेत भेटला. "माँ बोली, हूबहू बाप," एवढं म्हणून त्याने तोंड फिरवलं. खिचडी बरी झाली होती, हेही सांगून टाकते.

आता किनाऱ्यावरच्या नवापूरच्या मावशीचं सांगते.

मावशी सत्तरीच्या पुढची. घरासमोर बांबूंच्या रांगांवर बोंबील वाळत घालायची. तिच्या पेटीत तिचं लग्नातलं लाल लुगडं होतं. नातीचं लग्न ठरलं होतं आणि आपण नवरी असताना कशा दिसत होतो ते नातीला दाखवायचं, असं मावशीच्या मनात आलं. तिने लुगडं बाहेर काढलं तेव्हा मीही तिथे होते. घड्या इतक्या जुन्या, की कापडावर पट्टीने रेघा मारल्यासारख्या खोल रेषा पडलेल्या. काका त्यांवरून बोट फिरवत राहिले. आडव्या उजेडात सुरकुती काळी येते, हे फोटो काढणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. त्यात हा स्टोअरचा माणूस.

"चार दिवस देता का, मावशी?" त्यांनी विचारलं. मावशीने एका शब्दाने विचारलं नाही, कशाला म्हणून. दिलं.

पुढच्या रविवारी लुगडं परत आलं ते पालघरच्या चांगल्या लाँड्रीतून, वाफेची इस्त्री करून, गुळगुळीत, प्लास्टिकच्या पिशवीत. काका खूश होते. मावशीने पिशवी काढली आणि कापडावरून तळहात फिरवला. पुन्हा फिरवला. काहीतरी शोधत होती.

"घडी कोनी मोडली?"

"मोडली नाय, मावशी. इस्त्री केली. फोटूत रेषा दिसतात."

"आयेची घडी होती ती," मावशी म्हणाली. "शेवटची आलेली तवा तिनं घातलेली. मी नेसली असती, नी मंग त्याच रेषांवरनं परत घातली असती. आता कशी घालू?"

ती रागावली नाही. तिने आम्हाला चहा दिला. लुगडं तिने नेसलं नाही, आणि कॅमेरा पिशवीतून निघाला नाही. परतताना रिक्षात काका म्हणाले, "मी तिची आय पुसून टाकली गो." खोटं समाधान करणं माझ्या स्वभावात नाही, आणि खरं तर त्यांनी तेच केलं होतं.

दोन महिने कॅमेरा बाहेर निघाला नाही. माझे रविवार मला परत मिळाले आणि त्यांचं काय करायचं ते मला कळेना. स्टोअरमधल्या खणांत काका तेच ते बोल्ट पुन्हा पुन्हा लावत बसायचे. मग एका रविवारी फोन आला, "चल, नवापूरला जाऊ." रिक्षा स्टँडवर भेटले तर खांद्यावर कॅमेऱ्याची पिशवी नाही.

"मावशी, ती घडी मला शिकवा," दारातूनच ते म्हणाले.

"मलाच येत नाय रे," मावशी म्हणाली. "आये घालायची. मी लहान होती, नुस्तं दुसरं टोक धरायची."

नऊवारीची घडी एकट्याने होत नाही, हे आपल्या बायकांना सांगायला नको. "मग टोक मी धरतो," काका म्हणाले. "तुमी आयेच्या जागी उभ्या रावा."

मावशी पहिल्यांदा हसली. अंगणात, बोंबलांच्या रांगांच्या मधोमध, ते लाल लुगडं दोघांत ताणलं गेलं. काकांनी काठ मोजूनमापून धरला. "तसा नको," मावशी ओरडली, "मी आंगठा वर ठेवायची. नी कोपर पोटाशी." साठीला आलेल्या त्या माणसाला तिने हळूहळू आठ वर्षांची मुलगी करून उभं केलं. आणि तो तसा उभा राहिल्यावर, त्या मुलीच्या समोर कोण असायचं, काय करायचं, हे तिला दिसायला लागलं. "आये माज्याकडं चालत यायची," ती म्हणाली आणि चालायला लागली. काकांच्या हातातलं टोक घेतलं, मागे गेली, पुन्हा आली. तिसऱ्या फेरीला पदर बाहेर राहिला. तिने मान हलवली, सगळं उलगडलं. पुन्हा पहिल्यापासून. किती वेळ गेला कुणास ठाऊक. ऊन बांबूंवरून खाली उतरत होतं आणि ती म्हातारी पुन्हा पुन्हा त्यांच्याकडे चालत येत होती. मला वाटलं, हा फोटो! आणि कॅमेरा त्यांच्या पालघरच्या घरी कपाटात. काकांच्या तर ते मनातही नव्हतं.

शेवटी घडी मांडीवर घेऊन मावशीने तिच्यावर तळहात ठेवला. डोळे मिटले. "हां," म्हणाली. "हीच."

पुढच्या रविवारी तिने ते लुगडं नेसून बोंबील पालटले, आणि काकांनी फोटो काढला. घडीच्या रेषा त्यात स्वच्छ दिसतात. नातीने तो लग्नात सगळ्यांना दाखवला. त्यानंतर दर वर्षी दिवाळी झाली की लुगड्याला ऊन दाखवायचं निमित्त करून काका नवापूरला जायचे, टोक धरून परत यायचे. कॅमेरा कधी नेत, कधी नाही.

काका गेल्या वर्षी गेले. आजार थोडा, दवाखाना थोडा, आणि गेले. इतक्यांचे फोटो काढणाऱ्या माणसाचा स्वतःचा एक धड फोटो घरात निघाला नाही. कारखान्याच्या ओळखपत्रावरचा मोठा करून लावला आहे. त्यात ते शिंक अडवल्यासारखे दिसतात. मला त्यांची फार आठवण येते, विशेषतः रविवारी.

यंदा दिवाळीनंतर मावशीचा निरोप आला. मी गेले. तिने लुगड्याचं टोक माझ्या हातात दिलं. मी अंगठा वर ठेवला, कोपर पोटाशी घेतलं आणि काठ नीट ताणून धरला, एक चूक म्हणून नाही. मावशी चालत आली, आणि अर्ध्या वाटेत थांबली. कापडाकडे बघत राहिली.

"जरा सैल सोड गो," ती म्हणाली. "तो सैल धरायचा. दर वर्षी शिव्या घातल्या मी त्याला. पन रेषा आता तशाच पडल्यात."

मी हात सैल केले. मग ती उरलेलं अंतर चालत आली.